पहिला चहा खुर्चीला

३ नोव्हेंबर

दादा,

बॅग उचलून दारात उभा होतास तेव्हा तू विचारलं होतंस, "समजा उद्या तुम्ही सत्तेत आलात, तर यांच्यापेक्षा वेगळं काय करणार?" मला याचं उत्तर येत नाही. त्या दिवशी मी दिलं होतं, चांगलं लांबलचक. तू हसून म्हणालास, "प्रोफेसर, हे पुस्तकातलं झालं. घरातलं सांग." तेव्हापासून मी घरातलं शोधते आहे. दीड वर्ष होत आलं, सापडलेलं नाही.

एवढं लिहायला मी आज का बसले, ते सांगते. बाईंना काल सकाळी नेलं.

घरून नेलं. त्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. गेल्या आठवड्यातल्या कोपरा सभेत त्या म्हणाल्या होत्या, "ज्या गावात प्रश्न विचारायला परवानगी लागते, तिथला नगराध्यक्ष नव्हे, मुकादम निवडायचा असतो." या एका वाक्यावर तीन कलमं लावली आहेत. तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला दोन पोरसवदा शिपाई गाडीत बसवत होते, तर त्यातल्या एकाला त्या म्हणाल्या, "शर्टाचं बटण लाव रे आधी." त्याने लावलं. तो त्यांच्याच शाळेतला होता.

चौकशीत त्यांना त्यांचंच फोनवरचं बोलणं ऐकवलं म्हणे. म्हणून हे पत्र. आई दर आठवड्याला तुझे पांढरे शर्ट धुऊन, इस्त्री करून घेऊन येते, तेव्हा कॉलरच्या पुठ्ठ्याखाली बघत जा. आईला मी सांगितलेलं नाही. पण तिला कळलं असणार, कारण पुठ्ठा घालताना ती म्हणाली, "या वेळी कॉलर जरा जाड वाटतेय." मग तिने पुठ्ठा नीट दाबून बसवला.

तू उत्तर देणार नाहीस हे मी धरून चालले आहे. बाईंच्या विरुद्ध जे साहेब उभे आहेत त्यांची गाडी तू चालवतोस. मी बाईंची निवडणूक प्रतिनिधी आहे. त्यांच्या नावाने कागद देणं-घेणं, सह्या नेणं-आणणं, सगळं माझ्याकडे. आपण एकाच गावात राहून एकमेकांशी बोलत नाही यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य हे, की आईला दोन्हीकडचे शर्ट शिवता येतात.

रविवारी बैठक आहे. वकीलसाहेबांनी बोलावली आहे, अध्यक्ष म्हणून. बाई आत असताना निवडणूक लढवायची की बहिष्कार टाकायचा, हे ठरेल. आणि दादा, या बैठकीला खुर्चीची पाळी माझी आहे. पहिल्यांदाच.

परवा एका नव्या वार्ताहराला मी ही पद्धत समजावून सांगत होते. म्हटलं, आमच्याकडे कुठलाही ठराव आला की भिंतीजवळची घडीची खुर्ची उघडायची. ज्याची पाळी असेल त्याने तिथे बसून ठरावाच्या विरुद्ध बोलायचं. मनातून पटत असला तरी विरुद्धच बोलायचं, आणि चांगलं बोलायचं. तो बोलल्याशिवाय हात मोजत नाहीत. खोलीत असेल त्या प्रत्येकाचा हात मोजणीत धरायचा. आणि बैठक संपली की पहिला चहा खुर्चीला. तो म्हणाला, "मग वेळ फार जात असेल." मी म्हटलं, हो.

तुझ्या पाळीचं त्याला सांगितलं नाही.

तुझी,
प्रोफेसर (बिनपगारी)


७ नोव्हेंबर

दादा,

बहिष्कार ठरला. मी खुर्चीत बसले नाही.

रागावू नकोस, आधी ऐकून घे. मी तयारी केली होती. मला स्वतःला बहिष्कारच पटत होता, अजूनही अर्धा पटतो. जिथे उमेदवार तुरुंगात, छापखाने आमची पत्रकं छापायला घाबरतात, मैदानाची परवानगी आदल्या दिवशी रद्द होते, तिथे उभं राहून हरायचं आणि त्यांच्या विजयाला आपल्या हाताने हार घालायचा, कशासाठी? पण पाळी होती म्हणून मी दोन दिवस उलट बाजूने विचार केला. तुला ठाऊक आहे ते कसं असतं. आधी नाटक वाटतं, मग एखादा मुद्दा असा सापडतो की नाटक थांबतं.

मला सापडलेला मुद्दा असा. बाईंचा अर्ज भरून झालेला आहे. बहिष्कार म्हणजे आपण तो मागे घ्यायचा. मग साहेबांसमोर उरतात दोन अपक्ष, तो सायकलच्या दुकानवाला आणि तो निवृत्त तलाठी. साहेबांनी त्या दोघांना बसवलं तर? एकच उमेदवार उरला की तो बिनविरोध. मग मतदानच होत नाही. केंद्रं उघडतच नाहीत. लोकांनी पाठ फिरवायची ती कशाकडे? लोक घरी बसले, हे जगाला दिसायला मुळात बाहेर काहीतरी चालू असावं लागतं.

हे मी बोलणार होते.

ऑफिस तू पाहिलेलंच आहेस. फक्त आता रस्त्याकडची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली आहे, कारण काच दोनदा फुटली. घरमालकाने जागा रिकामी करायला सांगितलंय. बिचारा हात जोडूनच सांगतो. सतरा जण जमलो होतो. मी भिंतीजवळ गेले, खुर्ची उघडली. तिच्या एका पायाला तू गुंडाळलेली चिंधी अजून तशीच आहे. तेवढ्यात वकीलसाहेब उठले, माझ्याजवळ आले, आणि त्यांनी ती खुर्ची स्वतःच्या हाताने मिटली.

"आज नको, मुली," म्हणाले.

खजिनदारांनी नियमाची आठवण करून दिली. त्यांना प्रेम कुणाचंच नाही, नियमाचं आहे. "साहेब, खुर्चीशिवाय ठराव होत नाही. तुम्हीच घातलेला पायंडा आहे."

"घर पेटलेलं असताना पाणी टाकावं की नाही यावर वाद घालतात का, खजिनदार?"

"कोणतं पाणी टाकावं यावर घालतात. रॉकेलचा डबाही पाण्यासारखाच दिसतो."

कोणीतरी हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांची सनद निलंबित झाल्यापासून ते हसत नाहीत. गेल्या मोर्चात हातावर काठी बसली तेव्हापासून उजव्या हाताची बोटं थरथरतात, पेला धरताना दोन्ही हात लावतात. तू त्यांना जसं पाहिलं होतंस तसे ते राहिलेले नाहीत, हे मला लिहायलाच हवं. ते म्हणाले, "त्या खुर्चीत बसून जे बोललं जाईल ते संध्याकाळी त्यांच्या वर्तमानपत्रात येईल. विरोधकांत फूट. बाई आत आहेत आणि आपण बाहेर आपसात भांडतोय. मला एक आवाज हवा आहे. फक्त या वेळी. सगळं निवळलं की खुर्ची पुन्हा उघडू, मीच उघडेन."

हात वर झाले. सगळेच. माझाही. खरं सांगते, खुर्ची मिटली तेव्हा मला हायसं वाटलं. सतरा लोकांसमोर, जे मला पटतं त्याच्याविरुद्ध आणि वकीलसाहेबांच्याविरुद्ध बोलावं लागणार नव्हतं आता.

ठराव मीच टाइप केला. "सभेने एकमताने असे ठरविले की." 'एकमताने' हा शब्द मी याआधी कधी टाइप केला नव्हता. आपल्याकडे तो कधी लागलाच नव्हता.

चहा आला तेव्हा पोऱ्या कप घेऊन उभा राहिला. पहिला कुणाला द्यायचा ते त्याला कळेना. शेवटी वकीलसाहेबांना दिला.

आईला घरी येऊन सांगितलं. तिच्यासमोर कॉलरींचा ढीग होता, मान वर न करता म्हणाली, "तुमच्या पक्षाचं असं आहे, शिवण उसवली की सुई कुठली वापरायची यावर आधी वाद. या वेळी वाद नाही घातलात, तर बोटात सुई टोचून घेतलीत."

मी म्हटलं, "आई, तुला काय समजतं यातलं?"

"काही नाही. मी आपली सुई बघते."

तुझी


१० नोव्हेंबर

दादा,

आज बाईंना भेटून आले. माघारीच्या अर्जावर त्यांची सही हवी होती.

भेटीची खोली म्हणजे लांबट बोळ आहे. मध्ये जाळी, दोन्हीकडे माणसं, सगळे एकदम ओरडून बोलतात, त्यामुळे कुणालाच काही ऐकू येत नाही. बाई मात्र हळूच बोलतात, आणि ऐकू येतं. वर्गावर बोलायची सवय. चष्म्याची एक काडी तुटली आहे, तिथे दोरा बांधलाय. वाळल्यासारख्या दिसल्या. "जेवण कसं असतं?" विचारलं, तर म्हणाल्या, "शाळेतल्या डब्यांसारखं. शेजारणीचं नेहमी बरं दिसतं."

ठराव वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला. मग एकच प्रश्न.

"खुर्चीत कोण होतं?"

शेजारी एक बाई नवऱ्याला ओरडून विचारत होती की गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही. वकीलसाहेब म्हणाले, या वेळी नको."

"अस्सं." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मग ठराव झालाच नाही. बैठक झाली, एवढंच. चहा झाला असेल."

मी म्हटलं, "बाई, मग सही नका करू."

"पक्षाने सांगितलंय, मी सही करणार. उमेदवार म्हणून मला त्यांनी उभं केलं, मी स्वतः उभी राहिले नाही." आणि जाळीखालच्या फटीतून कागद ओढून त्यांनी सही केली, सुंदर, गोल, दाखल्यावर करतात तशी. कागद परत सरकवला आणि त्याच्यावर बोट ठेवून धरला. "पण तुझ्या मनात काहीतरी आहे. बोल."

मी तो अपक्षांचा मुद्दा सांगितला. शिपाई घड्याळ दाखवत होता म्हणून भराभर सांगितला. त्या ऐकून म्हणाल्या, "हे रविवारी का नाही बोललीस?"

"खुर्ची मिटली होती."

"खुर्ची मिटली होती, तुझं तोंड नव्हतं मिटलं."

मग मी विचारलं, मी काय करू. आणि दादा, त्या म्हणाल्या, "मला विचारू नकोस. मी आत आहे. इथून मला फक्त भिंत दिसते. भिंत बघून घेतलेले निर्णय फार शूर असतात, ते बाहेरच्यांना महागात पडतात." मग बोट उचललं.

तुझी आठवण काढली त्यांनी. म्हणाल्या, "तुझा भाऊ त्या खुर्चीत सगळ्यांत चांगला बोललेला माणूस." मी मान डोलावली. तुझ्या पाळीला ठराव होता वकीलसाहेबांना तिसऱ्यांदा अध्यक्ष करण्याचा, आणि तू विरुद्ध बोललास. नियम म्हणून बोललास की मनापासून, हे मला माहीत नाही, त्यांनाही नव्हतं. पहिला चहा तुलाच मिळाला. त्यानंतर तुला बैठकीचे निरोप यायचे थांबले. तू खुर्चीतून उठलास, पण लोकांनी तुला उठू दिलं नाही. तू म्हणाला होतास, "त्यांच्याकडे निदान खुर्चीच नाही. फसवणूक तरी नाही." मी तेव्हा तुला फितूर म्हटलं होतं. घरात तो शब्द कुणी कुणाला कधी म्हटला नव्हता.

परवा माघारीची शेवटची मुदत. दुपारी तीनपर्यंत.

तुझी


१३ नोव्हेंबर

दादा,

काल तू मला पाहिलंस. मीही तुला पाहिलं. तरी लिहिते, कारण मी आत होते आणि तू बाहेर गाडीपाशी होतास, आणि आतलं तुला ठाऊक नाही.

सकाळपासून मी निवडणूक कार्यालयातल्या बाकावर होते. कागद पिशवीत. लगेच देऊन टाकावा असं दोनदा वाटलं, दोनदा उठले, आणि प्रत्येक वेळी वाटलं, अजून वेळ आहे. खिडकीवरचा कारकून ओळखीचा झाला. म्हणाला, "ताई, द्यायचा असेल तर द्या, मला जेवायला जायचंय." मी म्हटलं, तुम्ही जेवून या. तो डबा घेऊन तिथेच खिडकीत बसला. "साहेबांचा हुकूम आहे, आज खिडकी सोडायची नाही. कुणीही माघार घ्यायला आला तर तो उपाशी परत जाता कामा नये."

मग गाडी आली. तू उतरून मागचं दार उघडलंस. आधी सायकलवाला उतरला, मग तलाठी. दोघांनी नवे कपडे घातले होते. तलाठ्याने तर तुला नमस्कारही केला, दार उघडलंस म्हणून. त्यांच्यामागे साहेबांची दोन माणसं. सगळे आत आले. दहा मिनिटांत दोघांचे अर्ज मागे. सायकलवाल्याने सही करताना माझ्याकडे पाहिलं आणि कान खाजवत म्हणाला, "लेकराबाळांचं बघावं लागतं, ताई." मी काहीच म्हटलं नव्हतं.

म्हणजे माझा मुद्दा खरा झाला. वाद घालायला उरलं नव्हतं. आता माझ्या पिशवीतला कागद खिडकीत गेला की साहेब बिनविरोध, मतदान रद्द, आणि आपला बहिष्कार असा की ज्याच्यावर टाकायचा ते शिल्लकच नाही.

व्हरांड्यात जाऊन वकीलसाहेबांना फोन लावला. ऐकणारे ऐकोत.

"साहेब, दोघेही बसले. आपण माघार दिली तर मतदानच होणार नाही."

त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग, "खात्री आहे?"

"माझ्यासमोर सह्या झाल्या. साहेब, बैठक बोलवा. आत्ता. निदान जे येतील तेवढ्यांची."

"अर्ध्या तासात? माणसं कामावर आहेत गं. आणि मी एकट्याने ठराव फिरवला तर उद्या कुठल्या तोंडाने..." ते थांबले. "ठराव आहे. तो दे."

"खुर्चीशिवायचा ठराव आहे तो."

"ते मला माहीत आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परत बाकावर आले. समोर कारकुनाची खिडकी, बाजूच्या दारातून फाटक, फाटकाशी तू. तू आधीच स्वच्छ असलेली काच पुसत होतास. मग तू वर पाहिलंस. माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे. आणि तू मान हलवलीस. एकदाच. ती "नको देऊस" अशी होती, की "काय हे चाललंय तुमचं" अशी होती, की मानेवर माशी बसली होती, मला कळलं नाही. मी ती मला हवी तशी वाचली. तुझ्यावर टाकत नाही. तू काहीही केलं नाहीस, काहीही सांगितलं नाहीस, हे मी इथे लिहून ठेवते. कुणाच्या हाती हे पत्र पडलं तर त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तीन वाजले. कारकुनाने खिडकीची फळी खाली ओढली, मग फटीतून डोकावून म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला आला होतात?"

साहेबांची माणसं माझ्या अंगावरून धावत बाहेर गेली. नंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मतदान होणार. बाई तुरुंगातून उमेदवार आहेत. आणि हे सतरा माणसांऐवजी एका मुलीने बाकावर बसून ठरवलं. काल रात्रभर मला तुझा प्रश्न वेगळ्याच आवाजात ऐकू येत होता.

तुझी


२१ नोव्हेंबर

दादा,

आई सांगते, तुला गाडीवरून काढून आवारात गाड्या धुवायला लावलंय. पांढरे शर्ट आता लागत नाहीत म्हणून तू तिला परत दिलेस. ती ते घरी घेऊन आली आणि नेहमीसारखी इस्त्री करून ठेवलेत. मी कॉलरी चाचपून पाहिल्या. काही नव्हतं. आई म्हणाली, "तो पत्र लिहिणाऱ्यातला नाही. पण पुठ्ठे त्याने काढून ठेवून घेतलेत, एकही परत दिला नाही." एवढं मला पुरे आहे. हे पत्र आता आईच्याच हाती देते.

तुला विचारून मी बाकावर बसले नव्हते, आणि किंमत तू देतो आहेस. माफी मागितली तर तू "प्रोफेसर, परत पुस्तकातलं" म्हणशील. म्हणून मागत नाही, पण जे झालं ते सगळं सांगते.

माझी चौकशी काल ऑफिसात झाली. त्या जागेतली शेवटची बैठक, पुढच्या आठवड्यात रिकामी करतोय. खोकी भरून भिंतीला लावलेली, त्यांच्यावरच लोक बसलेले. पुन्हा सतराच. ठराव असा: पक्षाचा निर्णय डावलून, कुणालाही न विचारता, उमेदवाराची माघार रोखून धरल्याबद्दल माझी पक्षातून हकालपट्टी.

अर्धे लोक माझ्यावर चिडलेले. अर्धे मला खांद्यावर घ्यायच्या बेतात, कारण मतदान होणार म्हटल्यावर गावात पहिल्यांदा लोक बाईंचं नाव मोठ्याने घ्यायला लागलेत. निवडून येणार नाहीत त्या. केंद्रांवर कोण बसणार, मोजणीला कोण, हे तू जाणतोस. एक जण म्हणाला, "अरे, पोरीने पक्ष वाचवला, तिला काय काढता?" दुसरा म्हणाला, "आज हिने वाचवला म्हणून टाळ्या वाजवा. उद्या दुसरा कोणी कागद खिशात घालून बुडवेल, तेव्हाही वाजवा." मला दोघांचंही पटत होतं. तोच माझा त्रास आहे.

मी उभी राहिले. म्हटलं, "बोलायचं काही नाही. एकच मागणी. खुर्ची उघडा."

खुर्ची खोक्यांच्या मागे गेली होती. वकीलसाहेब उठले, दोन खोकी बाजूला सरकवली, थरथरत्या हाताने ती ओढून काढली. उघडताना बिजागरी अडकली. कुणीतरी मदतीला पुढे झालं, तर म्हणाले, "राहू दे. मीच मिटली होती."

माझ्यानंतरची पाळी खजिनदारांची होती. म्हणजे माझी हकालपट्टी होऊ नये, असं त्यांनी बोलायचं. त्यांना मी अजिबात आवडत नाही, हे तुला ठाऊक आहे. ते बसले, खुर्ची करकरली, त्यांनी घसा साफ केला.

"या मुलीबद्दल माझं मत चांगलं नाही," त्यांनी सुरुवात केली. "हिशेबाच्या पावत्या देत नाही, बैठकीत मध्येच बोलते, ऑफिसातली स्टेपलर हिनेच हरवली. परंतु नियमाप्रमाणे मी तिच्या बाजूने आहे, तर आहे." लोक हसायला लागले. ते थांबले, हसू संपू दिलं. "तिने एकटीने ठरवलं, हे चूक. पण तिचं म्हणणं सांगायची एक जागा होती. ती जागा त्या दिवशी आपण मिटवली आणि सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. दार आपण बंद केलं आणि आता म्हणतोय, ही खिडकीतून का गेली. माझं बोलणं संपलं. हे माझं खरं मत आहे की नियमाचं, ते विचारू नये. मागे एकाला विचारलं नाही आणि ठरवून टाकलं, त्याचं काय झालं ते आपण बघितलं."

तुझं नाव कुणी घेतलं नाही. वकीलसाहेब जमिनीकडे बघत होते.

मग हात मोजायची वेळ आली. त्याआधीच पोऱ्याने न राहवून पहिला कप खजिनदारांना नेऊन दिला. मला वाटलं, ते आता तो कप माझ्याकडे सरकवतील, सिनेमात असतं तसं. त्यांनी तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत स्वतःच प्यायला. नियम म्हणजे नियम.

बाईंनी मला प्रतिनिधी नेमलंय, पक्षाने नाही. तेव्हा मतदानापर्यंत त्यांचं काम मी करणारच, हातात पक्षाचं कार्ड असो की नसो. आईने खळीचं पातेलं चढवलंय, पत्रकं चिकटवायला. म्हणते, कॉलरीला लावते तीच खळ, भिंतीला कशी धरते बघू. पण ते वेगळं. मोजणीच्या त्या क्षणी मी विचार करत होते तो हा: मी एकटीने ठरवलं, निकाल बरा लागला, म्हणून आता मला कुणी जाब विचारू नये, असं मी म्हटलं, तर साहेब तरी रोज दुसरं काय म्हणतात? मला बाकावरून उठायचं नव्हतं, आणि मी आजही उठणार नाही. पण त्याचा जाब द्यायचा नसेल तर ते बाक आणि ती गाडी यांत फरक काय? हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. प्रश्न अजून तिथेच दारात उभा आहे, तुझ्या बॅगेसकट.

खोलीत असेल त्या प्रत्येकाचा हात मोजणीत धरतात, हे तुला माहीतच आहे. वकीलसाहेबांनी बोट दाखवत सावकाश मोजलं. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. "तू?" म्हणाले. मी म्हटलं, "मोजा, साहेब."

हकालपट्टीच्या बाजूने नऊ, विरोधात आठ. नववा हात माझा होता.

तुझी
बहीण